वर बर्फ, खाली लाटा

प्रसंगावधान हा आपल्या भाषेतला एक नेटका शब्द आहे, पण आपण तो फार सैल हाताने वापरतो. उतू जाणारे दूध वेळीच उतरवणाऱ्या वहिनींपासून चालत्या बसमध्ये उडी मारणाऱ्या भाऊजींपर्यंत सर्वांना तो आपण बहाल करतो. शब्दाचे घटक मात्र दोनच : प्रसंग आणि अवधान. धाडसाचा त्यात उल्लेखही नाही. बिकट प्रसंगी चित्त ठिकाणावर ठेवून समोरच्या कामाकडे लक्ष देणे, एवढाच त्याचा अर्थ. मला तो नीट उमगला एका अमेरिकन बाईंच्या विमानप्रवासाची हकीकत वाचताना.

20 मे 1932 ची संध्याकाळ. न्यूफाउंडलंडमधील हार्बर ग्रेस येथून एक तांबडे विमान उडाले. लॉकहीड व्हेगा जातीचे, एका इंजिनाचे, लाकडी अंगाचे. आत एकट्या अमेलिया इअरहार्ट होत्या. वय वर्षे 34. बरोबर पाच वर्षांपूर्वी याच तारखेला चार्ल्स लिंडबर्ग एकटा अटलांटिक ओलांडण्यास निघाला होता. 1928 साली अमेलियाबाईंनीही हा महासागर ओलांडला होता, पण प्रवासी म्हणून. विमान दुसऱ्यांनी चालवले होते. या खेपेस त्यांना स्वतःच्या हाताने पॅरिस गाठायचे होते.

पहिले काही तास चांदण्यात बरे गेले. मग अल्टिमीटर, म्हणजे विमानाची उंची सांगणारे यंत्र, बिघडले. त्याचे काटे वाटेल तसे फिरू लागले. पुढे वादळाने गाठले. त्यातच इंजिनातला तप्त धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा जोड उलला आणि फटीतून ज्वाळा दिसू लागल्या. विमान लाकडाचे, पोटात शेकडो गॅलन पेट्रोल आणि डोळ्यांसमोर आग!

मागे फिरावे काय? पण काळोखात, पेट्रोलच्या एवढ्या ओझ्यासकट विमान उतरवणे हाही जिवाशी खेळच होता. फुटलेला जोड तर हवेत सांधता येत नाही. बाई पुढे निघाल्या.

ढगांच्या वर जावे म्हणून त्यांनी विमान चढवले, तर त्यावर बर्फ धरू लागले. बर्फाने वजन वाढते, शिवाय पंखांचा आकार बिघडतो आणि ते विमानाला उचलून धरीनासे होतात. विमान गरगरत कोसळू लागले. अशा वेळी नाक वर ओढावे असे घाबरलेले मन सांगते. विद्या नेमके उलट सांगते : गिरकीच्या विरुद्ध बाजूस सुकाणू दाबावे, नाक खाली सोडावे, वेग येऊ द्यावा, मगच पंख पुन्हा हवा धरतात. खालच्या उबदार हवेत बर्फ सुटले आणि विमान सरळ झाले. तेव्हा अंधारातही लाटांचा पांढरा फेस दिसावा इतका समुद्र जवळ आला होता. विमानातल्या नोंदयंत्राने सुमारे 3,000 फुटांची ती घसरण जवळजवळ उभ्या रेषेने टिपून ठेवली.

आता वर बर्फ, खाली लाटा आणि उंची सांगणारे यंत्र मुके. वर जावे तर बर्फाचे भय, खाली यावे तर पाण्याचे. मधली वाट अंदाजानेच चाचपत बाईंनी रात्र काढली. ज्वाळा दिसत होत्या, पण त्यांवर इलाज नव्हता; म्हणून लक्ष हातातल्या दांड्यावर आणि दिशादर्शक यंत्रावर. आजही वैमानिकांना हाच क्रम शिकवतात : आधी विमान सांभाळा, मग दिशा पाहा, मग इतरांशी बोला.

रात्र सरत आली तोच पेट्रोलमापकातून पेट्रोल ठिबकू लागले. फुटलेली नळीही जोराने थरथरू लागली. तेव्हा बाईंनी पॅरिसवर पाणी सोडले. ज्या नगरीसाठी एवढा खटाटोप केला ती सोडून, दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरायचे ठरवले. त्या रात्रीतला सर्वांत अवघड निर्णय मला हाच वाटतो. बर्फाशी झगडताना निसर्ग समोर होता. इथे स्वतःची हौस समोर होती.

उत्तर आयर्लंडचा किनारा लागला. आगगाडीच्या रुळांवरून जात त्यांनी विमानतळ शोधला. तो दिसेना, तेव्हा लंडनडेरीजवळ कल्मोर येथे गाईंच्या कुरणात विमान उतरवले. 14 तास 56 मिनिटे झाली होती. अटलांटिक एकटीने विमानातून ओलांडणारी ती पहिली स्त्री.

अवधान म्हणजे काही विम्याची पॉलिसी नव्हे. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या याच बाई 2 जुलै 1937 रोजी पॅसिफिकमधील हाउलंड बेटानजीक सहकाऱ्यासह नाहीशा झाल्या, त्या कायमच्या. त्यांचे तांबडे व्हेगा मात्र अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयाने जपले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती विमान कधी येणार नाही. अपरात्रीचा दारावरचा थाप मात्र कोणाला चुकला आहे? इस्पितळाकडे निघताना हातपाय कापू लागतात, मन नको ते चित्र रंगवते. तशा वेळी मी स्वतःला एवढेच विचारतो, ‘आत्ता या क्षणी माझ्या हातात काय आहे?’ बहुधा एखादीच गोष्ट असते. पण ती असते.