शासकीय दप्तरासाठी संगणकीय पद्धतीची निवड

शाळेच्या दप्तरातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारल्यास अनुभवी मुख्याध्यापक प्रवेश-निर्गम नोंदवहीकडे, म्हणजेच जनरल रजिस्टराकडे बोट दाखवील. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान व जात यांची तीत झालेली नोंद पुढे त्याला जन्मभर पुरावा म्हणून उपयोगी पडते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव १९१४ या क्रमांकावर दाखल झाले. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. नोंद करणाऱ्यास हा मुलगा राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होईल हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने आपले नित्याचे काम केले व पुढील माणसांनी ती वही जपली. म्हणूनच ती नोंद आजही पाहावयास मिळते.

असे महत्त्व थोरांच्याच नोंदींना असते असे नाही. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदपत्रांबरोबर गावोगावच्या शाळांच्या जुन्या नोंदवह्याही उघडाव्या लागल्या. त्यांतील काही पाने मोडी लिपीत असल्याने मोडीचे जाणकार शोधावे लागले. जेथे वही जपलेली होती तेथे उत्तर मिळाले. जेथे ती वाळवीने खाल्ली वा ओलीने गळाली, तेथील कुटुंबास सांगण्याजोगे काहीच उरले नाही.

आता शासकीय कार्यालयांचे दप्तर संगणकावर येत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ई-ऑफिस ही प्रणाली अनेक कार्यालयांत वापरली जाते. याखेरीज खाजगी कंपन्यांच्याही अनेक प्रणाली आहेत. अशा प्रणालीचे काम थोडक्यात असे: आलेला कागद नोंदविणे, त्यास क्रमांक व विषय देणे, तो योग्य नस्तीत लावणे, कोणाकडे गेला हे दाखविणे, मागताच शोधून देणे आणि मुदत संपल्यावर त्याचे काय करावयाचे हे सुचविणे. आवक-जावक बारनिशी, नस्ती व अभिलेखकक्ष ही तिन्ही कामे येथे एकत्र येतात. निवड वरिष्ठ कार्यालयात होत असली, तरी माहिती भरण्याचे व दाखला देण्याचे काम अखेर शिक्षकाकडेच येते. म्हणून निवडीच्या कसोट्या शिक्षकासही माहीत असणे इष्ट होय.

यंत्राच्या आधी वर्गवारी

अव्यवस्थित दप्तर संगणकात घातले तर अव्यवस्थाच संगणकात जाते. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातील वर्षानुवर्षे साचलेल्या दप्तराची छाननी करविली, निरुपयोगी कागद बाजूला काढविले व राहिलेले क्रमवार लावविले. ही कार्यपद्धती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली. कागद मागताच सापडतो की नाही, हे यंत्रावर ठरण्यापूर्वी रचनेवर ठरते, हा त्यातील धडा आहे.

ही रचना शासनाच्या जुन्या वर्गवारीत आहेच. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे ठेवावयाचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षांपर्यंत, आणि ‘क’ व ‘ड’ वर्गांचे त्याहून अल्प काळ. जनरल रजिस्टर कायम ठेवावयाचे, तर एखाद्या बैठकीच्या सूचनेचा कागद काम झाल्यावर फार दिवस ठेवण्याचे कारण नाही. जी प्रणाली प्रत्येक कागदास त्याचा वर्ग व मुदत लावू देत नाही, ती दिसावयास कितीही आकर्षक असली तरी शासकीय कामास अपुरी समजावी.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी शोधाची. दाखला मागण्यास आलेल्या वृद्धास पुष्कळदा आपला नोंदणी क्रमांक ठाऊक नसतो. नाव, गाव व अंदाजे वर्ष एवढेच तो सांगतो. तेवढ्यावरून नोंद सापडली पाहिजे. येथे मराठीची एक विशेष अडचण आहे. पूर्वी संगणकावर मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टंकलिखित होत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात व शोधही लागत नाही. म्हणून प्रणाली युनिकोड मराठी स्वीकारणारी असावी. तसेच नोंदवहीच्या पानाचे नुसते छायाचित्र घेऊन भागत नाही. नाव, जन्मतारीख, प्रवेशाचे वर्ष व नोंदणी क्रमांक ही माहिती प्रत्येक पानासोबत वेगळी भरावी लागते. या श्रमाचा हिशेब खरेदीपूर्वीच करावा.

दुसरी कसोटी विश्वासार्हतेची. कागदावर खाडाखोड केली तर ती डोळ्यांस दिसते. संगणकावर जुने अक्षर पुसून नवे घातले तर मागमूस राहत नाही. जन्मतारखेतील एका वर्षाच्या फरकाने नोकरीची व निवृत्तीची गणिते बदलतात. म्हणून कोणी, केव्हा व काय बदलले याची आपोआप नोंद होणारी आणि जुनी नोंद न पुसणारी प्रणालीच घ्यावी. प्रत्येकास स्वतंत्र परवलीचा शब्द असावा; संपूर्ण शाळेत एकच शब्द वापरण्याची रीत धोक्याची आहे.

तिसरी कसोटी दुसऱ्या प्रतीची. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली व असंख्य नस्त्या जळाल्या. एकाच इमारतीतील एकमेव प्रत किती असुरक्षित असते हे त्या दिवशी दिसले. संगणकातील दप्तरही एकाच यंत्रात असल्यास त्याची गत निराळी नाही. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी आणि तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे करता येते की नाही, हे ठराविक काळाने करून पाहावे.

चौथी कसोटी दीर्घायुष्याची, आणि हिचाच सर्वाधिक विसर पडतो. इंग्लंडमध्ये १०८६ साली ‘डूम्सडे बुक’ नावाची जमिनींची नोंद झाली. तिला ९०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने हजारो शाळांतील मुलांच्या साहाय्याने देशाची नवी माहिती गोळा करून ती लेझर तबकड्यांवर साठविली. अवघ्या १५-१६ वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचविण्यास संशोधकांना खास खटपट करावी लागली. मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो. म्हणून दप्तर एकाच कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात साठवू नये. दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ-ए हे मान्य प्रमाण आहे. करार संपल्यावर सर्व कागद, त्यांच्या क्रमांकांसह व बदलांच्या नोंदींसह, कार्यालयास परत मिळतील अशी अट करारातच असावी.

पाचवी कसोटी परिस्थितीची. वीज खंडित होते, जोडणी तुटते, शिक्षकाची बदली होते. जोडणी नसतानाही नोंद करता येते काय, नवा माणूस थोड्या दिवसांत शिकू शकतो काय, हे खेड्यातील शाळेतच तपासावे. शहरातील प्रात्यक्षिकावर विसंबू नये. एका केंद्रातील २-३ शाळांत काही महिने प्रयोग करावा आणि ६० वर्षांपूर्वीचा दाखला शोधणे, नोंदीतील दुरुस्ती आज्ञेसह दाखविणे व सर्व दप्तर बाहेर काढून देणे ही तीन कामे करवून पाहावीत.

कायद्याचे स्मरण

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या ४ थ्या कलमाने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा शिक्षेस पात्र अपराध आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: संगणकात प्रत घेतली म्हणून मूळ नोंदवही रद्दीत घालता येत नाही. तिचा वर्ग कायमचा असेल तर ती कायमच जपावयाची.

शिक्षकांनी आरंभ कोठून करावा

प्रणाली येईतो थांबण्याचे कारण नाही. शाळेतील सर्व नोंदवह्यांची एक यादी करावी व प्रत्येकीपुढे आरंभाचे वर्ष, अखेरचे वर्ष, लिपी व स्थिती लिहावी. जुन्या वह्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवाव्यात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाने कागद पिवळा पडून पुढे अक्षर जाते. मोडी लिपीतील पानांची वेगळी खूण करून वरिष्ठांस कळवावे. कोणतीही प्रणाली निवडली गेली तरी हे काम वाया जाणार नाही, कारण दप्तर कसेही साठविले तरी ते कशाचे आहे व कोठे आहे हे प्रथम शाळेलाच सांगावे लागते.