ताणा, बाणा आणि चिनी शब्दकोश

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत माझ्या एका स्नेह्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांनी चिनी बनावटीचे रेपिअर माग घेतले, त्यानंतरची ही गोष्ट. माग मध्येच थांबला की पडद्यावर दोन चिनी अक्षरे उमटत. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने त्यांचा अर्थ सांगितला, ‘वाटेतला थांबा’. विमान मुक्कामाला पोचण्याआधी एखाद्या गावी घटकाभर उतरते, तसला. कारखान्यात हशा पिकला, पण माग काही सुरू होईना. शेवटी एका जुन्या कामगाराने तुटलेला धागा बोटांनी चाचपून शोधला. अक्षरेही तेच सांगत होती. पहिले ‘चिंग’ म्हणजे ताणा, दुसरे ‘थिंग’ म्हणजे थांबणे. ताण्याचा धागा तुटल्यामुळे माग थांबला होता.

ॲप खोटे बोलले असे म्हणता येत नाही. ‘चिंग’चा दुसरा अर्थ ‘मधून जाणे’, आणि विमानसेवेच्या भाषेत या जोडशब्दाचा अर्थ खरोखरच वाटेतला थांबा असा होतो. ॲपने अनेक अर्थांतला एक निवडला आणि बाकीचे लपवले. शब्दकोश असे करत नाही. तो सगळे अर्थ समोर मांडतो आणि निवड आपल्यावर सोपवतो. स्नेह्यांच्या मुलीने त्याच आठवड्यात चिनी शिकायचे ठरवले आणि मला विचारले, “काका, फोनवर कोणता शब्दकोश घेऊ?” मी स्वतः अजून शिकाऊच आहे. तिच्यासाठी जी शोधाशोध केली, तिच्यातून हा लेख झाला.

चिनी शब्दकोशाची पहिली अडचण अशी की या लिपीत आपल्यासारखी वर्णमाला नाही. मोल्सवर्थ उघडून ‘क’ काढावा, ‘का’वर यावे, ही सोय तिथे नव्हती. इसवी सन १००च्या सुमारास शू शन या पंडिताने ९,३५३ अक्षरे ५४० गटांत लावली. प्रत्येक गटाला लाकूड, पाणी, रेशीम अशी एक खूण होती. तिला आज रॅडिकल म्हणतात. १७१६ साली खांगशी सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेल्या कोशात ४७,०३५ अक्षरे २१४ गटांत आली. अक्षरातली खूण ओळखायची, उरलेल्या रेघा मोजायच्या आणि मग पान शोधायचे. एक रेघ चुकली की शोध पुन्हा पहिल्यापासून.

या रीतीचा अंदाज यायला सोलापूरकराने एक नाव शोधून पाहावे. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे ही कथा घराघरांत पोचली. चित्रपटात भाषेचे कष्ट मात्र फारसे दिसत नाहीत. चार वर्षांच्या आत हा माणूस चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागला होता. आज वापरात असलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धती १९५८ सालची आणि अक्षरांचे सोपे केलेले रूप १९५६पासूनचे. म्हणजे दोन्ही सोयी त्यांच्यानंतरच्या. परदेशी माणसासाठी त्या काळी मोठा कोश होता तो मॅथ्यूज यांचा, १९३१ साली शांघायमध्ये छापलेला. खेचरावर लादून न्यावा असा तो ग्रंथ.

कोटणीसांचे चिनी नाव तीन अक्षरांचे आहे. पिनयिनमधल्या स्पेलिंगवरून मराठीत ते ‘के दिहुआ’ असे उतरते. पहिल्या दोन अक्षरांत लाकडाची खूण आहे. तिच्या चार रेघा सोडल्या तर पहिल्यात पाच आणि दुसऱ्यात आठ उरतात. तिसऱ्या ‘हुआ’चा अर्थ चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे अक्षर होते. मात्र कोटणीस ते ज्या रूपात लिहीत, ते आजच्या सहा रेघांच्या रूपापेक्षा बरेच गुंतागुंतीचे होते. म्हणून माझी पहिली अट अशी की कोशाने जुने आणि नवे, दोन्ही रूपे शेजारी शेजारी दाखवली पाहिजेत. जुने कागदपत्र वाचणाऱ्याला आणि यंत्राचा पडदा वाचणाऱ्याला एकच कोश पुरायला हवा.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. खिडकी वेगळी आणि आतला माल वेगळा, हे आधी लक्षात घ्यावे. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच ॲपांच्या पोटात एकच कोश असतो, सीसी-सीईडीआयसीटी. पॉल डेनिसॉव्स्की यांनी १९९७ साली त्याच्या आधीच्या रूपाची सुरुवात केली. आज स्वयंसेवक तो वाढवतात आणि नोंदी सव्वा लाखाच्या घरात आहेत. तेव्हा ‘आमच्याकडे लाखभर शब्द’ या जाहिरातीवरून ॲपे पारखण्यात अर्थ नाही. या कोशात इंग्रजी अर्थ मिळतात ते तुटक, आणि वाक्यातले उदाहरण सहसा मिळत नाही. भाषा शिकणाऱ्याचे त्यावर भागत नाही.

प्लेको हे ॲप मला त्यातल्या त्यात भावले. पाम नावाची खिशातली उपकरणे होती, त्या काळापासून ते चालत आले आहे. मूळ ॲप फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालते. पैसे मोजले की जॉन डीफ्रान्सिस यांचा एबीसी कोश, चिनीतून चिनी अर्थ देणारा कोश, कॅमेऱ्याने अक्षर वाचण्याची सोय असे एकेक जोडता येते. एकदम सगळे घेऊ नये. कारखान्यात कॅमेरा आधी उपयोगी पडतो. घरी अभ्यासाला बसणाऱ्याने उदाहरणे देणाऱ्या कोशापासून सुरुवात करावी.

कोश पारखायचा तर आपल्या धंद्यातला शब्द घालून पाहावा. आम्ही ‘चिंग’ घातला. मधून जाणे, धर्मग्रंथ, रेखांश असे अर्थ आले आणि त्यांच्यात ताणाही सापडला. या अक्षराची खूण रेशमाची. मूळ अर्थ उभा धागा, पुढे ग्रंथ. बौद्ध सूत्रांचे भाषांतर करताना चिन्यांनी ‘सूत्र’साठी हेच अक्षर घेतले. आपल्या सूत्राचाही अर्थ आधी दोरा आणि मग ग्रंथ! बाण्याचे अक्षर ‘वेइ’. त्याचीही खूण रेशमाची आणि दुसरा अर्थ अक्षांश. पृथ्वीवरच्या उभ्याआडव्या रेघांना चिन्यांनी विणकराचे शब्द दिले आहेत. मुलीचे आजोबा हातमागावर बसलेले. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी अक्षरे पाहायला फोन मागून घेतला.

उच्चारात मात्र इंग्रजी आपल्याला फसवते. पिनयिनचे ‘बी’ अक्षर आपला ‘ब’ नव्हे, जवळजवळ ‘प’ असते. ‘पी’ म्हणजे ‘फ’, तोही ओठ मिटून म्हटलेला. ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’, ‘के’ म्हणजे ‘ख’. ‘जे’ हा चिमणीतला ‘च’, ‘झेड’ हा चुलीतला ‘च’. इंग्रजांना घासून शिकावा लागणारा हा भेद मराठी मुलाच्या जिभेवर आधीच असतो. म्हणून बीजिंग खरे तर ‘पेइचिंग’च्या जवळ जाते आणि कोटणीसांचे नाव ‘ख ती-ह्वा’च्या. सूर मात्र देवनागरीत लिहून येत नाहीत. त्यासाठी माणसाच्या आवाजातले ध्वनिमुद्रण देणारा कोशच घ्यावा. यंत्राचा आवाज सूर सपाट करतो, निदान माझ्या कानाला तसे वाटते.

मी पाहिलेल्या ॲपांत मराठी अर्थ नव्हते. प्लेकोत स्वतःच्या नोंदी करता येतात. मुलीने त्यात कारखान्यातले शब्द देवनागरीत भरायला घेतले आहेत, अर्थ आजोबांना विचारून. मागाच्या पडद्याशेजारी तिने चिकटपट्टीने एक कागदही लावला आहे. चिनी अक्षरांसमोर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : चिंग थिंग, ताणा तुटला. वेइ थिंग, बाणा तुटला. खाली कोणीतरी पेनाने तेलुगूतही लिहून ठेवले आहे.