रोगाचा खाते क्रमांक : शिशाच्या विषबाधेची नोंद कशी होते?

जमाखर्चाच्या कामात वीस वर्षे गेली की माणसाला एक खोड लागते. कोणताही कागद हातात आला, की तो कोणत्या खात्यात जाणार हे आधी पाहायचे. कोणत्याच खात्यात न बसणारी रक्कम आम्ही उचंत खात्यात टाकतो व नंतर तिचा माग काढतो. माग काढला नाही, तर ती वर्षानुवर्षे तेथेच पडून राहते.

माझा भाचा १४ एप्रिलच्या सुटीत पुण्याहून जामनेरला आला होता. बी.एस्सी. झाल्यावर तो तेथे 'मेडिकल कोडिंग'चे काम करतो. ते काय असते, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, अमेरिकेतले डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात त्याला मी नंबर देतो. त्या नंबरावर तिथली विमा कंपनी पैसे देते. या आठवड्यात तर लहान मुलांच्या शिशाच्या तपासणीचीच प्रकरणं जास्त होती." नंबर देण्याचे काम म्हटल्यावर माझी उत्सुकता वाढली. त्या दुपारी त्याने जे समजावले व पुढे मी जे वाचले, ते आपल्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडतो.

जगातील सर्व रोगांची एक खातेवही आहे. तिला 'रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण' म्हणतात. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तेथून तिचा आरंभ. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावीही २०२२ पासून लागू झाली आहे, परंतु आपल्याकडील विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरावयाचे जे रकाने असतात, ते दहाव्या आवृत्तीचे आहेत. प्रत्येक रोगाला एक इंग्रजी अक्षर व पुढे आकडे. शिशाच्या विषबाधेचा क्रमांक टी ५६.०.

अमेरिकेने याच वहीची अधिक बारीक आवृत्ती करून ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणली. तीत शिशाचे एकच खाते नाही, चार आहेत. काही त्रास नसलेल्या मुलाची केवळ चाळणी तपासणी केली, तर झेड १३.८८. मूल शिशाच्या संपर्कात आले आहे किंवा तसा संशय आहे, तर झेड ७७.०११. रक्तात शिसे जास्त सापडले पण विषबाधेचे निदान झालेले नाही, तर आर ७८.७१. आणि डॉक्टरांनी विषबाधा असे निदान केले, तर टी ५६.०एक्स१ए. यातील एक्स केवळ जागा भरण्यासाठी आहे. आमच्या आय.एफ.एस.सी. क्रमांकातील पाचवे शून्यही असेच राखून ठेवलेले असते! पुढचा १ म्हणजे अपघाताने झालेली बाधा, आणि ए म्हणजे उपचार चालू आहेत. शेवटची दोन खाती एकाच भेटीच्या कागदावर एकत्र लिहीत नाहीत. नुसत्या तपासणीला आलेल्या मुलावर विषबाधेचा शिक्का मारणे जेवढे चूक, तेवढेच विषबाधा झालेल्याला 'तपासणी' म्हणून सोडून देणेही चूक.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण शिशाच्या स्वभावात आहे. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन शिरते आणि हाडांत वर्षानुवर्षे राहते. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मे. पोट रिकामे असेल, शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात आधीच कमी आहे, तेथेच ते अधिक मुरते. मुलाची बुद्धी मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच 'त्रास नाही, तरी तपासले' याला अमेरिकेने स्वतंत्र खाते दिले. तेथे गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत मुलाचे रक्त बाराव्या व चोविसाव्या महिन्यात तपासणे बंधनकारक आहे. तेथील दक्षतेची पातळी १९९१ साली शंभर मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम होती. ती २०१२ साली ५ व २०२१ साली ३.५ वर आणली गेली.

आपल्याकडे असे कधी मोजले गेले का? होय, एकदा महाराष्ट्रातच. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त शिशासाठी तपासले. सुमारे निम्म्या मुलांत ते १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाले. त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे असे. २००० सालापासून ते देशभर बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावरही दर दहा लाख भागांस ९० भाग अशी मर्यादा २०१७ पासून आहे. तरीही २०२० साली युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या अहवालाने भारतातील २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसे असल्याचा अंदाज दिला.

मग ते येते कोठून? मुख्यतः जुन्या बॅटऱ्यांतून. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची बॅटरी भंगारात जाते. ती कोठे कोठे उघड्यावर फोडून शिसे वितळवले जाते. त्याची धूळ कामगाराच्या कपड्यांबरोबर घरी येते आणि रांगणारे मूल ती बोटाने तोंडात घालते. पिवळाधमक दिसावा म्हणून हळदीत मिसळला जाणारा लेड क्रोमेट, कल्हईच्या कथलात मिसळलेले स्वस्त शिसे, शेंदूर, काही प्रकारचा सुरमा हेही मार्ग आहेत.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कळविणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. परंतु कारखाना म्हणजे विजेवर चालणारा असेल तर दहा व विजेविना असेल तर वीस कामगार. २०२० च्या संहितेने हे आकडे वीस व चाळीस केले. पत्र्याच्या आडोशाला बॅटरी फोडणारे चारजण साधारणपणे कोणत्याच हिशेबात येत नाहीत.

आता अशा एखाद्याचे मूल दवाखान्यात आले, असे समजा. अंगात रक्त नाही, पोट दुखते. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. नंबर पडतो डी ६४.९, अनिर्दिष्ट रक्तक्षय, आणि आर १०.४, इतर व अनिर्दिष्ट पोटदुखी. ही दोन्ही खाती म्हणजे आमचे उचंत खातेच. लोहाच्या गोळ्या मिळतात, मूल त्याच धुळीत परत जाते, आणि वर्षअखेरीच्या गोषवाऱ्यात टी ५६.० पुढे काहीच येत नाही. गोषवारा पाहणारा साहेब म्हणतो, आपल्याकडे हा रोग नाही.

यात डॉक्टरांना दोष देणे मला पटत नाही. कोड देणारा कागदावर नाही ते लिहू शकत नाही. डॉक्टर तपासणीशिवाय निदान लिहू शकत नाहीत. आणि बाप काय काम करतो हे कोणी सांगितलेच नाही, तर तपासणी कशी सुचणार? केसपेपर काढताना व्यवसायाच्या रकान्यात आपले लोक 'मजुरी' एवढेच सांगतात. भंगाराचे काम सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण येथे तो संकोच मुलाला महाग पडतो.

तेव्हा घरात कोणी बॅटरीचे, वितळकामाचे किंवा जुना रंग खरवडण्याचे काम करीत असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे व 'शिशाशी संपर्क' असे कागदावर लिहून मागावे. तपासणीचे नाव 'ब्लड लेड लेव्हल'. बोटातून घेतलेल्या थेंबात कातडीवरच्या धुळीने आकडा फुगू शकतो, म्हणून तो जास्त आला तर शिरेतील रक्ताने खात्री करावी लागते. आकडा ५ किंवा वर असेल, तर शिसे कोठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांना साधारणतः ४५ च्या वर देतात. त्याखाली स्रोत बंद करणे, आणि लोह व कॅल्शियम असलेला आहार देणे, हेच उपाय. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, ते मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि घरातील धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

निघताना मी भाच्याला विचारले, इतक्या दिवसांत आपल्याकडच्या एखाद्या मुलाचा असा कागद तुझ्यापुढे आला का? तो म्हणाला, "नाही मामा, आमच्याकडे इथलं काम येतच नाही." बस सुटायची वेळ झाली होती. त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर टी ५६.० असे लिहून दिले. ती वही मी बँकेतल्या खणात ठेवली आहे.