व्हाइट कॅसल

व्हाइट कॅसल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फास्ट फूड उपाहारगृहांची आद्य साखळी. वॉल्टर अँडरसन हा आचारी आणि विमा व जमीनजुमल्याच्या व्यवसायातील बिली इंग्रम यांनी कॅनझस राज्यातील विचिटॉ येथे १९२१ मध्ये ती स्थापन केली. या साखळीचा प्रारंभीचा इतिहास हा मुख्यत्वे ग्राहकांचा विश्वास संपादन करण्याचा इतिहास होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी खिम्याच्या पदार्थांविषयी लोकांच्या मनात साशंकता होती. शिकागोतील मांसउद्योगातील गलिच्छपणाचे चित्रण करणारी अप्टन सिंक्लेअर यांची द जंगल ही कादंबरी १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा संमत झाला, तरी शंका पूर्णपणे मावळली नाही. अँडरसनने १९१६ मध्ये विचिटॉत हँबर्गरचे छोटे दुकान काढले. खिम्याची चपटी वडी कांद्यासह तव्यावर भाजून पावात घालून तो विकत असे. व्यवसाय वाढविण्यासाठी त्याने इंग्रम यांच्याशी भागीदारी केली. त्यासाठी काढलेले ७०० डॉलरचे कर्ज तीन महिन्यांच्या आत फेडले गेले.

नावातील ‘व्हाइट’ म्हणजे शुभ्र हा शब्द स्वच्छतेचा, तर ‘कॅसल’ म्हणजे किल्ला हा शब्द स्थैर्याचा निदर्शक होता. बुरूजवजा पांढरी इमारत, ग्राहकांच्या दृष्टीसमोरील तवा, सेवकांचा स्वच्छ गणवेश आणि सर्वत्र सारखाच पदार्थ ही या साखळीची वैशिष्ट्ये होती. हँबर्गरची किंमत पाच सेंट असल्याने कामगारवर्गासही तो परवडे. मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांच्या इमारती व कागदी टोप्या तयार करण्यासाठी कंपनीने पुढे स्वतःचे कारखानेही काढले.

हँबर्गर पौष्टिक असल्याचे दाखविण्यासाठी इंग्रम यांनी १९३० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील शास्त्रज्ञाकरवी एक प्रयोग करविला. त्यात एका विद्यार्थ्याने १३ आठवडे केवळ हँबर्गर व पाणी यांवर निर्वाह केला. त्याची प्रकृती चांगली राहिल्याचा कंपनीने जाहिरातींसाठी उपयोग केला. तथापि एकाच व्यक्तीवरील अशा प्रयोगावरून आहाराविषयी सर्वसामान्य निष्कर्ष काढता येत नाही.

इंग्रम यांनी १९३३ मध्ये अँडरसनचा हिस्सा विकत घेतला व १९३४ मध्ये मुख्यालय ओहायओ राज्यातील कोलंबस येथे हलविले. नाव व इमारतींची नक्कल करणाऱ्या ‘व्हाइट टॉवर’ साखळीविरुद्धचा न्यायालयीन लढाही कंपनीने याच दशकात जिंकला. दुसऱ्या महायुद्धकाळात मांसटंचाई व मनुष्यबळाचा तुटवडा यांमुळे अनेक दुकाने बंद करावी लागली.

युद्धोत्तर काळात मॅक्डॉनल्ड्ससारख्या साखळ्या शुल्क घेऊन इतरांना दुकाने चालविण्याचे परवाने देऊन झपाट्याने विस्तारल्या. व्हाइट कॅसलने मात्र दुकाने स्वतःच्या मालकीचीच ठेवण्याचे धोरण अनुसरले. त्यामुळे तिचा विस्तार मर्यादित राहिला. तथापि एकसारखा पदार्थ, एकसारखी इमारत व ग्राहकांसमोरील स्वच्छ पाकसिद्धी हा तिने घालून दिलेला नमुना या व्यवसायाचा पाया ठरला.