कर्जतचा वडा आणि मागून ढकलणारं इंजिन

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहूनही देतेय. बोलताना जे पाल्हाळ लावलं होतं ते थोडं कापलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे वडापाव. थांबा, थांबा! "कुठला वडापाव बेस्ट" हे भांडण आज करायचं नाहीये. मला सांगायचंय की कर्जत स्टेशनवरचा वडा इतका प्रसिद्ध का झाला. त्याचं उत्तर कढईत कमी आणि घाटात जास्त आहे. आणि हे मला माझ्या बाबांनी समजावलं होतं, मी सात-आठ वर्षांची असताना.

तर झालं असं. मागच्या पावसाळ्यात बाबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याहून मुंबईला घेऊन गेले होते. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललंय. परत येताना मी सरळ कॅब बघत होते. एक्सप्रेस-वेने दारात सोडतील, त्रास नाही. बाबा म्हणाले, "अगं, गाडीनेच जाऊ. कर्जतला थांबते ना, ती बघ."

मग मी ट्रेनचं एसी चेअर कारचं तिकीट काढायला लागले. तर म्हणतात, "एसीची काच उघडत नाही. साध्या डब्यातलं काढ." सत्तरीच्या पुढचा माणूस, नुकतं डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलेलं, आणि हट्ट काय, तर खिडकी उघडणारा डबा! चिडले मी. पण काढलं तिकीट.

बँकर म्हणजे बँकेतला माणूस नव्हे

आता आधी घाट समजून घेऊ. मुंबईहून पुण्याला येताना कर्जत लागतं साधारण १०० किलोमीटरवर. तिथून लोणावळा फक्त २८ किलोमीटर. पण एवढ्याशा अंतरात गाडीला कोकणातून उचलून थेट सह्याद्रीच्या माथ्यावर यावं लागतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे. हाच आपला बोरघाट.

या घाटात चढ आहे १:३७ चा. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं. स्कूटरवर तर कळणारही नाही. पण रेल्वेचं चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा, त्यात पावसाने ओला. पकड ती किती असणार? असं बघा, गाडी अर्धा किलोमीटर लांब असेल, तर त्या चढावर तिचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा साडेतेरा मीटर वर असतं. जवळपास चार मजली इमारत झाली की! एवढं सगळं वजन एकट्या पुढच्या इंजिनाने ओढायचं म्हटलं, तर चाकं जागच्या जागी फिरायची भीती आणि डबे जोडणाऱ्या कपलिंगवर भयंकर ताण.

म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला जास्तीची इंजिनं लावतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. ताण वाटला जातो. आणि समजा एखादं कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे घाटातून खाली सुटत नाहीत, कारण मागे इंजिन टेकू देऊन उभं असतं. वर पोचलं की ही इंजिनं सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा कर्जतला उतरतात. या इंजिनांना म्हणतात बँकर.

आमचे बाबा बँकेत कॅशियर होते. त्यामुळे लहानपणी "आता बँकर लागणार" असं कुणी म्हटलं की मला वाटायचं, बाबांच्या ऑफिसातले कुणी साहेब मागच्या डब्यात चढणार आहेत! एकदा मी विचारलंही. बाबा इतके हसले की शेजारच्यांनाही सांगत सुटले. मग घरी आल्यावर त्यांनी मला सायकलवर बसवलं, आमच्या सोसायटीच्या चढावर नेलं आणि मागून कॅरियर धरून ढकललं. "हा बघ बँकर," म्हणाले. माझं फिजिक्स तिथून सुरू झालं.

ही लाइन सुरू झाली १८६३ साली. काम १८५६ पासून चालू होतं. डोंगर फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर पूल बांधले, आणि त्यात हजारो मजूर मेले. कुणी अपघातात, कुणी कॉलऱ्यासारख्या साथीत. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. घाटातून जाताना आपण धबधब्यांचे रील्स काढतो ना, तेव्हा हे पण आठवायला हवं.

मग वडा कुठून आला?

आता जोडा दोन्ही गोष्टी. इंजिनं लावायची म्हणजे गाडी थांबणार. कुणी चढो न चढो, दोन-चार मिनिटं तरी थांबणारच. गाडीत शेकडो माणसं, मुंबईहून निघून दोनेक तास होत आलेले, पोटात कावळे. आणि सगळ्यांना माहिती की पुढचा अर्धा-पाऊण तास घाट आहे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्याला यापेक्षा काय हवं? गिऱ्हाईक किती वाजता येणार, हे रेल्वेच्या टाइमटेबलात छापलेलं! त्यामुळे घाणा त्या हिशोबाने काढता येतो. कर्जतचा दिवाडकरांचा वडा प्रसिद्ध झाला तो चवीमुळे, हे खरंच. पण त्या चवीला गरमपणाची साथ मिळाली ती या थांब्यामुळे.

कारण वडा हा फार कमी आयुष्याचा पदार्थ आहे. आतल्या बटाट्यात वाफ कोंडलेली असते. कढईतून काढल्यावर ती वाफ बाहेर पडायला बघते आणि बेसनाच्या कुरकुरीत आवरणात मुरते. थोड्याच वेळात आवरण मऊ पडतं. मग तो वडा असतो, पण "तो" वडा नसतो. आणि म्हणूनच त्याच्याबरोबर लसूण-खोबऱ्याची कोरडी लाल चटणी शोभते. पाव भिजत नाही, कागदातून काही गळत नाही आणि हलत्या गाडीत कपड्यांवर डाग पडत नाहीत. प्रवासासाठीच बनवल्यासारखी चटणी आहे ती.

आणि गंमत म्हणजे, आपण ज्याला अस्सल मराठी खाणं म्हणतो, त्यातला बटाटा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलेल्या. "बटाटा" आणि "पाव" हे शब्दही पोर्तुगीजच. वडा पावात घालून विकायचं श्रेय सहसा दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. म्हणजे तिथेही स्टेशनच! घाईत असलेली, उभ्या उभ्या खाणारी माणसं जिथे आहेत, तिथे वडापाव आहे.

पाच मिनिटांची भीती

लहानपणी आम्ही दर सुट्टीत मुंबईला आत्याकडे जायचो. परत येताना कर्जत आलं की बाबा उतरायचे. आई म्हणायची, "अहो, खिडकीशी येतो ना वडेवाला, कशाला उतरताय?" पण बाबांना स्टॉलवरचा, समोर कढईतून काढलेलाच हवा असायचा.

ते उतरले की मी खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची. गर्दीत त्यांचा पांढरा शर्ट शोधायची. मागून धक्का बसला की पोटात गोळा यायचा, कारण तो धक्का म्हणजे इंजिन लागलं, आता गाडी सुटणार. आणि बाबा कुठेच नाहीत! मी रडवेली व्हायची. मग गाडी हलायच्या जरा आधी दारातून ते यायचे, हातात वर्तमानपत्राचा पुडा, तेलाचे डाग पडलेला. "काय गं, घाबरलीस?" असं दर वेळी विचारायचे. मला वाटायचं, यांना मुद्दाम उशीर करायला आवडतं.

तर आता पुन्हा त्या पावसाळ्यातल्या संध्याकाळी येऊ. नेरळ गेलं आणि बाबा सावरून बसले. कर्जतला गाडी थांबायच्या आधीच त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात दिले. "चार घे. चटणी जास्त माग."

मी उतरले. स्टॉलवर गर्दी. माझ्यापुढे एका कॉलेजच्या ग्रुपची वीस वड्यांची ऑर्डर. माझा नंबर लागला आणि तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, इंजिन टेकल्याचा. पैसे दिले, सुट्टे न घेता पुडा उचलला आणि पळाले. गाडी सुटायच्या आत चढले. धावत्या गाडीत चढू नका मंडळी, वडा पुन्हा मिळेल.

डब्यात शिरले तर बाबा खिडकीला चेहरा लावून बसलेले. दोन्ही हातांनी गज धरलेले. मी ज्या बाजूने आले, ती त्यांना दिसत नाही आता. त्यामुळे मी शेजारी येऊन उभी राहिले तरी ते बाहेरच शोधत होते.

"बाबा, आले मी."

दचकले ते. मग म्हणाले, "केवढा उशीर केलास! धक्का बसला गं मघाशी."

मला "काय, घाबरलात?" असं विचारायचं होतं. नाही विचारलं. पुडा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

घाट सुरू झाला. बाहेर सगळं हिरवंगार, धबधबे, धुकं. मी सांगायला लागले, "बाबा, उजवीकडे केवढा मोठा धबधबा..." तर म्हणाले, "आवाज येतोय ना मला." मग त्यांनी मला सांगितलं, आता बोगदा येईल, गारवा लागेल बघ. लागला. खिडकी उघडणारा डबा कशाला हवा होता, ते मला तेव्हा कळलं.

पुढे काय?

आता जरा दुसरी बाजू. हे थांबे कायम राहणार नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बोरघाट चढते, पण तिला बँकर लागत नाही. तिच्या अनेक डब्यांखालीच मोटरी असतात, त्यामुळे ढकलायला कुणी नको. ती कर्जतला थांबतही नाही. तिकडे कसारा घाटासाठी २०१९ मध्ये सुरू झालेली मध्य रेल्वेची मुंबई–दिल्ली राजधानी पुढे एक, मागे एक अशी इंजिनं घेऊनच धावते, म्हणजे कसाऱ्याला थांबून इंजिन लावायचा वेळ वाचतो.

हे वाईट आहे का? अजिबात नाही. ज्याला हॉस्पिटलला पोचायचंय, परीक्षेला जायचंय, रोजचं अपडाउन आहे, त्याला वाचलेली प्रत्येक मिनिट हवीच आहे. थांबा ही रेल्वेची अडचण होती, आपली सोय म्हणून कुणी तो ठेवला नव्हता. त्या अडचणीत आपण आपला आनंद शोधून काढला, एवढंच. कुलेमहून कॅसलरॉकला चढणारा गोव्याचा घाट घ्या नाहीतर कसारा–इगतपुरी, अशा ठिकाणी थांबलेल्या गाडीत चहाचा कप हातात घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही हे माहीत असेल.

पण मग आपल्याला एक करावं लागेल. आत्तापर्यंत थांबायचं इंजिन ठरवत होतं. पुढे ते आपल्याला ठरवावं लागेल. मी त्या दिवशी कॅब केली असती तर तासभर लवकर पोचलो असतो, आणि माझे बाबा खिडकीशी बसून मला शोधतात हे मला कधीच कळलं नसतं.

तेव्हा या आठवड्यासाठी छोटंसं काम. आईबाबांबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर एखादा प्रवास असेल, तर तिकीट काढायच्या आधी त्यांना एकदा विचारा, "कुठून जायचं?" सगळ्यात फास्ट कुठलं ते ॲप सांगेलच. त्यांना कुठे थांबायचंय, ते ॲपला माहीत नसतं.

बाबांची पुढची तपासणी चार महिन्यांनी आहे. तिकिटं काढलीत. साधा डबा, खिडकी. या वेळी सुट्टे पैसे मी घरूनच घेणार आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत गरम आहे तोवर खाऊन घ्या!