मैदान आणि पाटी

प्राथमिक शाळेंत परीक्षा जवळ आली कीं वेळापत्रकांतून पहिल्यानें नाहींसा होतो तो खेळाचा तास. गणित मागें पडलें, व्याकरण राहिलें, म्हणून मैदानावरचीं मुलें वर्गांत आणून बसविलीं जातात. आणि घरोघरचे पालकहि त्यास संमति देतात. खेळांत गेलेला वेळ म्हणजे अभ्यासांतून वजा झालेला वेळ, असा हा सरळ हिशेब आहे. तो कितपत बरोबर आहे हें पाहणें अगत्याचें आहे. कारण हिशेबच चुकला, तर मुलांचा खेळ जातो आणि विद्याहि पदरीं पडत नाहीं.

कॅनडांतील क्युबेक प्रांतांत, त्र्वा-रिव्हिएरच्या परिसरांत, १९७० ते १९७७ या काळांत याच प्रश्नाचा कस पाहण्यांत आला. पांचशेंहून अधिक प्राथमिक विद्यार्थी त्यांत होते. एका गटास रोज एक तास तज्ज्ञ शिक्षकांकडून शारीरिक शिक्षण मिळे. दुसऱ्यास नेहमींप्रमाणें आठवड्यास सुमारें ४० मिनिटें. पहिल्या गटाच्या इतर विषयांचा वेळ शेंकडा १३ ते १४ नें कमी झाला होता. तरीहि दुसऱ्या इयत्तेपासून पुढें त्या गटाची प्रगति एकंदरींत सरसच ठरली.

असें कां व्हावें? एक कारण शरीराचें आहे. चालण्याधांवण्यानें हृदयाची गति वाढते, मरगळ जाते, आणि पुढें कांहीं वेळ अवधान अधिक स्थिर राहतें. इलिनॉय विद्यापीठांतील एका प्रयोगांत (२००९) नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांना २० मिनिटें चालावयास लावलें. त्यानंतर अवधानाच्या चांचणींत त्यांच्या चुका कमी झाल्या आणि वाचलेलें त्यांना अधिक चांगलें समजलें. वीस मुलांवरून सगळ्या जगाचा न्याय करतां येत नाहीं. परंतु दिशा कळते.

दुसरें कारण मनाचें. खोखोचेंच उदाहरण घ्यावें. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा अगदीं हाताशीं आला, तरी पाठलाग करणाऱ्यास बसलेल्यांच्या मधून पलीकडे जातां येत नाहीं. स्वतः झेप घेण्याचा मोह आवरून त्यास त्या दिशेकडे तोंड असलेल्या सोबत्यास पाठीमागून ‘खो’ द्यावा लागतो. मोह आवरणें, नियम ध्यानांत ठेवणें आणि क्षणांत बेत बदलणें, हीं तीन कामें येथें मन एकदमच करतें. वजाबाकींत हातचा न विसरणें, प्रश्न पुरता वाचण्यापूर्वीं उत्तर न देणें, आणि एक रीत साधली नाहीं तर दुसरी योजणें, यांतहि मनास हींच कामें पडतात.

अर्थात् मैदानावरील कसब आपोआप वर्गांत उतरतें असें नव्हे. पाढे पाठ करावेच लागतात. शिवाय, वार्षिक स्पर्धेसाठीं चपळ मुलें निवडावयाचीं आणि उरलेल्यांनीं कडेला बसून टाळ्या वाजवावयाच्या, ही रीत खेळाची नव्हे, प्रदर्शनाची होय; कारण ज्यांस खेळाची गरज अधिक, तींच मुलें तींत बसून राहतात. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ फारसा खर्च न लागणारे आणि पुष्कळांस सामावून घेणारे आहेत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविलें; ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठीं सरासरी निदान ६० मिनिटें मध्यम ते जोरकस हालचाल हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें. परंतु मुलाच्या पायांखालीं मैदान येतें तें शिक्षक आणि पालक यांनीं मनावर घेतलें तरच. चुळबुळ्या मुलास शिक्षा म्हणून खेळाच्या सुटींत कोंडणें, हें तहानेल्याचें पाणी तोडण्यासारखें आहे. त्यानें चुळबुळ वाढते, अभ्यास वाढत नाहीं. गणिताचा तास अवश्य वाढवावा, पण तो खेळाच्या तासांतून काढूं नये.