यवतमाळचे पठार : जमीन, पाऊस व पीक

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवरून वर्धा व दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. या दोन नद्यांच्या मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगांचा पूर्वेकडील विस्तार पठाराच्या रूपाने पसरला आहे. यवतमाळ शहर याच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पठार हा जलविभाजक होय. बेंबळेचे पाणी वर्धेस मिळते, तर अडाण, अरुणावती व पूस यांचे पाणी पैनगंगेकडे जाते. पैनगंगाही पुढे वर्धेसच मिळते आणि हे सर्व पाणी अखेर गोदावरीत जाते.

उंचीमुळे येथील हवा थंड असावी, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु १,००० मीटर चढल्यास तापमान साधारणतः ६ अंशांनीच उतरते. त्यामुळे खोऱ्यातील गावांपेक्षा पठारावर एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडतो आणि मे महिन्यात येथेही कडक ऊन तापते.

जिल्ह्याच्या बहुतेक भागात काळा कातळ आहे. तो झिजून काळी जमीन तयार झाली. पावसाने माथ्यावरची माती वाहून खाली साचत गेली. म्हणून खोऱ्यांत जमीन भारी, उतारावर मध्यम व माथ्यावर हलकी, मुरमाड आढळते. पूर्वेस वणीच्या बाजूला खडक बदलतो. तेथे चुनखडक व दगडी कोळसा सापडतो.

वर्षाचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पश्चिमेपेक्षा पूर्वेकडे त्याचे मान अधिक आहे. एकंदरीत पाऊस थोडा नाही. अडचण त्याच्या खंडांची आहे. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५ लाख लिटर पाणी पडले. परंतु उथळ माती लवकर भरते, खालचा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही आणि उरलेले पाणी मातीसह नाल्यात उतरते. पुढे पंधरा दिवस पावसाने ताण दिला, तर त्याच शेतातील पऱ्हाटीची पाती व बोंडे गळतात. शेतकऱ्याचे वर्ष या पंधरा दिवसांवर अवलंबून असते.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात. शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून मातीची खोली पाहावी व त्यानुसार पीक निवडावे. मुरूम वीतभर खोलीवरच लागत असल्यास तेथे कपाशीऐवजी मूग, उडीद यांसारखी कमी मुदतीची पिके घ्यावीत. मध्यम व भारी जमिनीत कपाशीबरोबर तुरीच्या ओळी पेराव्यात. तुरीचे मूळ खोल जात असल्याने ती ताण अधिक सोसते. पहिल्या सरीवर घाई न करता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी. नांगरणी, वखरणी व पेरणी उताराला आडवी करावी. डवऱ्याला दोरी गुंडाळून डवरणी केल्यास ओळींमध्ये सरी पडते व पाणी तेथेच मुरते. पावसाच्या खंडात डवरणी केल्याने भेगा बुजतात आणि ओल टिकते.

धुरे फुटले असल्यास पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत. हे काम माथ्याच्या शेतापासून सुरू करावे. कारण वरचे पाणी अडले नाही, तर खालच्या शेताचा धुरा टिकत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी माथ्यावरील व पायथ्याच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून हे काम ठरवावे.